मानेचे मणके, जबड्याचा सांधा आणि डॅव्हनपोर्टची हस्तोपचार परंपरा

जुनाट मानदुखी आणि जबड्याचे दुखणे यांना पाश्चात्त्य वैद्यकात फार काळ कोणी धनी नव्हता. मोडलेले हाड शस्त्रवैद्याकडे, किडलेला दात दंतवैद्याकडे आणि ताप-खोकला फिजिशियनकडे, अशी कामांची वाटणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत पक्की झाली होती. पण ज्याचे हाड मोडलेले नाही, दात शाबूत आहेत, अंगात ताप नाही, आणि तरीही ज्याची मान महिनोन्‌महिने नीट वळत नाही, घास चावताना कानापुढे कळ उठते किंवा जांभई देताना जबडा कटकन वाजून मध्येच अडकतो, त्याने जावे कोठे, या प्रश्नाला त्या वाटणीत जागा नव्हती. अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या डॅव्हनपोर्ट या गावी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती जन्माला आली. मणक्यांवर व सांध्यांवर हाताने नेमका दाब किंवा झटका देऊन उपचार करण्याच्या या पद्धतीचा इतिहास सहसा तिच्या संस्थापकांच्या दाव्यांभोवती आणि डॉक्टरांशी झालेल्या कोर्टकज्जांभोवती लिहिला जातो. त्या दाव्यांपैकी बहुतेक आज टिकलेले नाहीत. तरीही हा व्यवसाय सव्वाशे वर्षे जगला, आणि तो का जगला याचे उत्तर त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या दारात आलेल्या रुग्णांच्या दुखण्यांत अधिक सापडते.

मान आणि जबडा यांचा एकत्र विचार का करावा लागतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे. खालचा जबडा कवटीला दोन्ही कानांच्या पुढ्यात जोडलेला असतो. तोंड उघडताना जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक प्रथम जागच्या जागी फिरते आणि मग पुढे सरकते, आणि दोन हाडांमधली चिवट चकती त्याच्याबरोबर सरकते; ती जागा सोडू लागली की सांधा वाजतो, आणि पुरतीच घसरली की तोंड पूर्ण उघडेनासे होते. मानेत सात मणके असतात. त्यांतला पहिला, ज्याला ॲटलास म्हणतात, तो कड्याच्या आकाराचा असून डोके तोलतो, आणि जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती वरची तळी फिरावी तसा तो ॲक्सिस या दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या टोकाभोवती फिरतो. चेहऱ्याची व जबड्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे काही धागे मेंदूच्या बुंध्यातून खाली उतरून मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत पोचतात, आणि मानेच्या पहिल्या तीन मज्जातंतूंचे धागेही तेथे त्याच पेशींपाशी येऊन मिळतात. परिणामी मानेत उगम पावलेली वेदना कपाळात, कानशिलात किंवा जबड्यात जाणवू शकते, आणि रुग्ण जेथे बोट ठेवतो तेथेच बिघाड असेल अशी खात्री देता येत नाही. हस्तोपचार करणाऱ्यांना हा संबंध अनुभवाने जाणवत होता, परंतु त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, आणि जे कारण त्यांनी सांगितले ते चुकीचे होते.

जबडा हाताने बसवण्याची कला मात्र अतिप्राचीन आहे. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या इजिप्शियन हस्तलिखितात ४८ रुग्णप्रकार क्रमाने दिले आहेत, आणि त्यांतील पंचविसावा निखळलेल्या जबड्याचा आहे: दोन्ही अंगठे तोंडात, जबड्याच्या मागच्या भागावर, आणि बाकीची बोटे हनुवटीखाली, असे धरून सांधा मागे ढकलावा, हे तेथे सांगितलेले तंत्र आजही अपघात विभागात जवळजवळ तसेच वापरले जाते. त्याच हस्तलिखितात मानेच्या मणक्याची साधी लचक उपचारयोग्य मानली आहे, तर मणका निखळून हातपाय लुळे पडल्यास वैद्याने हात घालू नये, असा स्पष्ट भेद केला आहे. ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात जबडा बसवण्याचे वर्णन येते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेच्या अध्यायात जबड्याचा सांधा निखळला असता शेक देऊन, हाडे जागेवर आणून, पंचांगी हा पाच टोकांचा बंध बांधावा असे सांगितले आहे. विशेष म्हणजे अवघडलेली मान आणि आखडलेला जबडा यांना मन्यास्तंभ व हनुग्रह अशी वेगळी नावे देऊन आयुर्वेदाने ती दुखणी वातव्याधीत घातली, आणि त्यांच्यासाठी तेल, शेक व नस्य, म्हणजे नाकावाटे द्यायचे औषध, यांची योजना केली. निखळलेला सांधा वेगळा आणि न निखळता दुखणारा सांधा वेगळा, ही जाण या विभागणीत स्पष्ट दिसते, आणि डॅव्हनपोर्टमध्ये नेमकी हीच सीमारेषा पुसली गेली.

युरोपात सांधे बसवणारे लोक विद्यापीठांबाहेर होते. महाराष्ट्रात हाडवैद्य जे काम करतात आणि तालमीतले वस्ताद निखळलेला खांदा बसवताना जे कसब वापरतात, त्याच प्रकारचे काम इंग्लंडमध्ये बोनसेटर म्हणवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या करीत असत. लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये हाडवैद्य बरे करतात अशा रुग्णांवर एक व्याख्यान दिले, आणि आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की तुम्ही ज्यांना बरे करू शकत नाही ते याच लोकांकडे जातील, म्हणून त्यांच्यातले चांगले उचला आणि वाईट टाळा. त्यानंतर चार वर्षांनी व्हार्टन हूड या डॉक्टरांनी रिचर्ड हटन या प्रसिद्ध हाडवैद्याची तंत्रे लिहून प्रसिद्ध केली. हूड यांच्या वडिलांनी हटनला त्याच्या आजारपणात फी न घेता तपासले होते, आणि त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या हूड यांना शिकवली होती. वैद्यकाने या वाटेने पुढे जायचे ठरवले असते तर पुढच्या शतकातील पुष्कळसा संघर्ष टळला असता, असे म्हणावेसे वाटते; पण जंतुशास्त्र आणि निर्जंतुक शस्त्रक्रिया यांच्या झपाट्यापुढे हाताने सांधे हलवण्याचे काम क्षुल्लक ठरले आणि ते बाजूला पडले.

जे लंडनमध्ये बाजूला पडले ते अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत उचलले गेले. मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये ऑस्टिओपथीचे विद्यालय काढले. सांधे व स्नायू यांच्या हालचालीतील अडथळे दूर केले की रक्ताभिसरण सुधारते आणि शरीर स्वतः बरे होते, अशी त्यांची धारणा होती. तीन वर्षांनी डॅव्हनपोर्टमध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी आपला वेगळा मार्ग जाहीर केला. १८४५ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरियो भागात जन्मलेल्या पामर यांनी औपचारिक वैद्यकीय शिक्षण घेतलेले नव्हते. शाळामास्तर, मधमाशीपालक, रास्पबेरीचे बागायतदार आणि किराणा दुकानदार अशी कामे करून ते चुंबकीय उपचारक, म्हणजे हाताच्या स्पर्शातून जीवनशक्ती रुग्णाकडे जाते असे मानून उपचार करणारे, बनले होते. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड या, आपला दवाखाना असलेल्या इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या पाठीतील एक मणका हाताच्या झटक्याने बसवला आणि सतरा वर्षांचा त्याचा बहिरेपणा गेला, असे पामर यांनी लिहून ठेवले आहे. लिलार्ड यांच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत वेगळी आहे: थट्टामस्करीत पामर यांनी वडिलांच्या पाठीवर पुस्तक मारले आणि काही दिवसांनी त्यांना थोडे अधिक ऐकू येऊ लागले. ऐकण्याचा मज्जातंतू कवटीतच कानापासून मेंदूकडे जातो, पाठीच्या कण्यातून जातच नाही, हे तेव्हाही माहीत होते आणि डॉक्टरांनी हा आक्षेप घेतलाही.

या एका घटनेवर पामर यांनी संपूर्ण सिद्धान्त उभा केला. मणका जागचा किंचित हलला की तेथून निघणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो, शरीराच्या आंतरिक बुद्धीचा प्रवाह अडतो आणि रोग होतो. ९५ टक्के रोगांचे मूळ मणक्यांत आणि उरलेल्यांचे इतर सांध्यांत, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा किंचित हललेल्या मणक्याला त्यांनी वैद्यकातून उसना घेतलेला सबलक्सेशन हा शब्द लावला, आणि तो हाताने परत बसवण्याच्या क्रियेला ॲडजस्टमेंट म्हटले. कायरोप्रॅक्टिक हे नाव त्यांचे रुग्ण असलेले पाद्री सॅम्युएल वीड यांनी ग्रीक भाषेतून सुचवले. या सिद्धान्तात मानदुखीला विशेष मान नव्हता, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. वेदना हे एक क्षुद्र लक्षण आणि खरे लक्ष्य म्हणजे सगळा रोगसंसार, अशी त्यामागची वृत्ती होती. रुग्ण मात्र प्रामुख्याने पाठ, मान आणि डोके धरल्याची तक्रार घेऊनच येत राहिले.

पामर यांना १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल शिक्षा झाली, आणि दंड भरण्याचे नाकारून त्यांनी २३ दिवस तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यात शेगातारो मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवर खटला झाला, तेव्हा वकील टॉम मॉरिस यांनी हा व्यवसाय वैद्यकी नव्हेच, तो स्वतःचे तत्त्वज्ञान असलेले स्वतंत्र शास्त्र आहे, असा बचाव मांडून आरोपीची सुटका करून घेतली. या निकालाचे दूरगामी परिणाम झाले. तत्त्वज्ञान हीच कायदेशीर ढाल ठरल्यामुळे ते सोडणे व्यवसायाला परवडणारे राहिले नाही, आणि जे विधान प्रयोगाने तपासून टाकून द्यायला हवे होते ते न्यायालयात टिकण्यासाठी जपले गेले. कॅन्ससने १९१३ मध्ये परवाना देणारा पहिला कायदा केला, लुइझियाना राज्याने शेवटी १९७४ मध्ये. मधल्या साठ वर्षांत शेकडो कायरोप्रॅक्टर तुरुंगात जाऊन आले.

संस्थापकांचे पुत्र बार्टलेट जोशुआ पामर, सर्वत्र बी. जे. म्हणून ओळखले जाणारे, यांच्या कारकिर्दीत मानेला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यांनी १९१० च्या सुमारास मणक्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत डॅव्हनपोर्टच्या आपल्या विद्यालयात आणली. १९२४ मध्ये त्यांनी न्यूरोकॅलोमीटर हे, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या तापमानातील फरक दाखवणारे यंत्र जाहीर केले, आणि ते यंत्र भाड्याने घेतल्याशिवाय कोणालाही हा व्यवसाय प्रामाणिकपणे करता येणार नाही असे सांगितले. या आग्रहाला कंटाळून त्यांचे नामवंत सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी १९२६ मध्ये इंडियानापोलिस येथे लिंकन महाविद्यालय काढले. १९३० च्या दशकात बी. जे. यांची मजल याच्याही पुढे गेली: खरे सबलक्सेशन केवळ ॲटलास आणि ॲक्सिस या दोनच मणक्यांत होऊ शकते, म्हणून बाकीच्या कण्याला हातही लावू नये, असे ते शिकवू लागले. ही भूमिका शास्त्रीयदृष्ट्या निराधार होती. तरीही तिच्यामुळे कायरोप्रॅक्टरांची एक पिढीच्या पिढी कवटी आणि मान यांच्या सांध्याकडे बारकाईने पाहू लागली, मान किती अंशांत वळते, कोणत्या बाजूचा स्नायू ताठ आहे, डोके कोणीकडे कलते, हे बोटांनी तपासण्याचे कसब तिने कमावले, आणि मानेच्या जुनाट दुखण्याने गांजलेल्या माणसाला असा अर्धा तास हात लावून तपासणारा दुसरा कोणी त्या काळी सहजी भेटत नव्हता. चुकीच्या सिद्धान्ताच्या पोटी चांगले निरीक्षण जन्मते, याची वैद्यकाच्या इतिहासात अनेक उदाहरणे आहेत, आणि हे त्यांपैकी एक मानायला हरकत नसावी.

जबड्याचा इतिहास त्याच नदीच्या काठी, पण खाली सेंट लुइस शहरात, वेगळ्या हातांनी घडला. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये ११ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे सरकून जवळच्या मज्जातंतूंवर व कानाच्या नळीवर दाब देते, आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज, चक्कर व डोकेदुखी उद्भवते, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून दातांची उंची वाढवावी. शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिचर यांनी १९४८ मध्ये असा दाब रचनेच्या दृष्टीने संभवत नाही हे दाखवले, तरी तोवर कॉस्टेन सिंड्रोम हे नाव रूढ झाले होते आणि जबड्याचे दुखणे दंतवैद्यांच्या ताब्यात गेले होते. पुढची काही दशके दातांची ठेवण घासून जुळवणे हाच मुख्य उपचार राहिला. न्यूयॉर्कचे लॅझलो श्वार्त्झ आणि १९६९ मध्ये शिकागोचे डॅनियल लॅस्किन यांनी मात्र दुखण्याचे मूळ पुष्कळदा सांध्यापेक्षा चावण्याच्या स्नायूंत असते, असा विचार मांडला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य म्हणून प्रसिद्धी पावलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी १९६० मध्ये मान व डोक्याच्या स्नायूंतील दाबल्यावर कळ मारणाऱ्या गाठींमुळे जबड्याच्या सांध्यात वेदना भासते, हे दंतवैद्यांच्याच नियतकालिकात मांडले, आणि मान व जबडा या दोन वेगळ्या वाटा प्रथमच एकत्र आल्या.

कायरोप्रॅक्टिकमध्ये जबड्याकडे लक्ष वेधले ते नेब्रास्कातील मेजर बर्ट्रांड डीजार्नेट यांनी. कंबरेचे त्रिकास्थी आणि कवटीचा तळ यांना जोडणारी यंत्रणा मानून त्यांनी बसवलेल्या पद्धतीत दातांची मिठी, जबडा आणि मान यांची तपासणी एकत्र केली जात असे, आणि तिच्या अनुयायांनी दंतवैद्यांबरोबर काम करण्याचा पायंडा पाडला. तिच्या सैद्धान्तिक दाव्यांना पुरेसा पुरावा मिळालेला नाही. पुढे शस्त्रक्रियेच्या बाजूने झालेली हानी पाहता मात्र हस्तोपचारांचे माप वेगळ्या तराजूत पडते: टेफ्लॉन असलेल्या कृत्रिम चकत्या १९८० च्या दशकात अमेरिकेत हजारो जबड्यांत बसवल्या गेल्या, त्यांचे कण झडून आसपासचे हाड खाल्ले गेले, आणि सरकारी नियामक यंत्रणेला १९९० मध्ये त्या परत घ्यायला लावाव्या लागल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९६ मध्ये भरवलेल्या परिषदेने यातून धडा घेऊन, जबड्याच्या दुखण्यात आधी परत फिरवता येण्याजोगे सौम्य उपचार करावेत, अशी दिशा दिली. व्यायाम, मऊ आहार, दात आवळून धरण्याची सवय मोडणे, स्नायूंवरचे हस्तोपचार हे त्या सौम्य उपचारांत बसतात.

डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांच्यातील वैर या सगळ्या काळात चालूच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली, आणि तिचे खरे उद्दिष्ट कायरोप्रॅक्टिक संपवणे हे होते, असे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसले. सभासद डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक ठरवले गेले. याचा सर्वांत मोठा फटका रुग्णाला बसला, कारण मानेवर उपचार करणारा आणि त्याच मानेचे क्ष-किरण चित्र वाचणारा यांनी एकमेकांशी बोलायचेच नाही, अशी स्थिती निर्माण झाली. चेस्टर विल्क आणि आणखी चार कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी १९८७ मध्ये असोसिएशनने बेकायदा बहिष्कार घातल्याचा निर्णय दिला आणि १९९० मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. उपचार गुणकारी आहे की नाही, यावर न्यायालयाने निकाल दिला नव्हता, हे या विजयाच्या वर्णनांत पुष्कळदा सोयीस्करपणे गाळले जाते.

गुणकारितेचा निवाडा चाचण्यांतच व्हायचा होता. गेर्ट ब्रॉनफोर्ट या स्वतः कायरोप्रॅक्टर असलेल्या संशोधकाने सहकाऱ्यांसह २००१ मध्ये १९१ जुनाट मानदुखीच्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. केवळ मणक्यांवरील हस्तोपचार घेणाऱ्यांपेक्षा व्यायामाची जोड मिळालेल्यांना, आणि यंत्रांच्या साहाय्याने मान बळकट करणाऱ्यांना, अधिक आणि टिकाऊ आराम मिळाल्याचे तीत आढळले. सांधा वाजवणारा झटका आणि न वाजवता हळूहळू सांधा हलवणे यांत मानदुखीपुरता फारसा फरक पडत नाही, असे पुढच्या आढाव्यांचे मत आहे. झटक्याबरोबर येणारा आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात पोकळी तयार होताना तो होतो.

धोक्याची बाजूही याच इतिहासाचा भाग आहे. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात होणे हा तो धोका, आणि मानेच्या हस्तोपचारानंतर मेंदूला झालेल्या इजांचे वृत्त अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९४७ मध्येच आले होते. कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतातील ८१८ पक्षाघातांच्या २००८ च्या अभ्यासात कायरोप्रॅक्टरकडे जाणे आणि साध्या डॉक्टरकडे जाणे या दोहोंशी पक्षाघाताचा सारखाच संबंध दिसला. रोहिणीला आधीच पडलेल्या चिरेमुळे मान दुखते आणि ती दुखते म्हणून माणूस उपचाराला जातो, असा त्याचा अर्थ लावला गेला; परंतु यामुळे झटका निर्धोक ठरत नाही, कारण चीर पडलेल्या मानेला झटका देणे हीच तर भीती आहे. म्हणून अचानक उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली मानदुखी, चक्कर, दुहेरी दिसणे, बोबडी वळणे किंवा चालताना तोल जाणे अशी लक्षणे असलेल्या रुग्णाच्या मानेला हात न लावता त्याला तातडीने रुग्णालयात पाठवणे, ही आज जबाबदार उपचारकाची पहिली कसोटी मानली जाते, आणि जोखीम समजावून संमती घेणे ही दुसरी.

भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रातील रुग्णापर्यंत ही विद्या मुख्यतः फिजिओथेरपीच्या वाटेने पोचली. मुंबईत १९५० च्या दशकाच्या आरंभी के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड व नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबोर्न यांनी घडवलेल्या सांधे हलवण्याच्या पद्धती पुढे येथील अभ्यासक्रमांत रुळल्या. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेटलंड यांच्या मणक्यांच्या हस्तोपचारावरील ग्रंथात सबलक्सेशनच्या सिद्धान्ताला स्थान नव्हते. सांध्याची हालचाल कोठे अडते, वेदना कोणत्या टप्प्यावर सुरू होते आणि हाताचा दाब किती द्यावा, यांची पायऱ्यांनी केलेली मोजणी होती. पुण्या-मुंबईच्या फिजिओथेरपी विभागांत मान अवघडलेल्या किंवा जबडा अडकणाऱ्या रुग्णावर आज जे हात चालतात, ते याच मोजणीने चालतात.